कापूस वेचणीच्या हिशेबाचं ॲप बनवलं, पण बाया वहीच वापरतात. स्क्रीन आणि ॲजाईल दोन्हीबद्दल सांगा

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज यवतमाळला आणि घर गावात. पहिल्यांदाच धागा काढतो आहे, लांब झाला तर सांभाळून घ्या.

आईसोबत वेचणीला जाणाऱ्या १४ बायांची टोळी आहे. मुकादम काकू रोज संध्याकाळी प्रत्येकीचं वजन वहीत लिहितात आणि बुधवारी बाजाराच्या दिवशी किलोमागच्या दरानं पैसे वाटतात. मंगळवारी रात्री काकू आणि आई बेरजा करत बसतात, अकरा अकरा वाजतात, आणि तरी एखादीचा आकडा चुकला की बुधवारी सकाळीच भांडण. ते लहानपणापासून पाहत आलो म्हणून जूनमध्ये ॲप बनवायला घेतलं. लॉगिन, डॅशबोर्ड, महिन्याचा ग्राफ, शेतवार रिपोर्ट, पीडीएफ, सगळं केलं, दसऱ्याच्या आत संपवलं. सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, पहिला वेचा सुरू झाला आणि त्याच दिवशी काकूंच्या फोनमध्ये टाकून दिलं. चौथ्या दिवशी वही परत आली.

काय झालं ते मी धुऱ्यावर उभा राहून पाहिलं. दुपारी चारचं ऊन समोरून, टांगत्या काट्याला गाठोडं लटकलेलं. काकूंनी वजन वाचलं, कमरेच्या पिशवीतून फोन काढला, स्क्रीनवर काहीच दिसेना म्हणून पदराची सावली केली, मग नाव शोधायला लागल्या. यादी मी अकारविल्हे लावली होती आणि टोळीत एकाच नावाच्या तिघी आहेत. नाव सापडलं, १८ टाकलं, सबमिट दाबलं. शेतात रेंज नाही, त्यामुळे काहीच हललं नाही. परत दाबलं, परत दाबलं. मागे चार बाया डोक्यावर गाठोडी घेऊन उभ्या. रात्री पाहिलं तर एकीच्या नावावर १८ किलोच्या तीन नोंदी, म्हणजे ५४ किलो. काकू म्हणाल्या, "बाबू, हे तुयं मशीन मले खोटं पाडते."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, कारण त्या बाईचा सगळा मान त्या हिशेबावर आहे.

परीक्षेत ॲजाईलची (सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवून दाखवत जायची पद्धत) ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं लिहून मार्क घेतले आहेत, पण प्रत्यक्ष करायचं म्हणजे काय ते कळत नाही. आणि स्क्रीन कशी बसवायची हेही सांगा, बटण केवढं, अक्षर केवढं, रंग कोणता. मनापासून विचारतो आहे.

मिहानचा_टेस्टर

भाऊ, आधी एक सांगतो, तू धुऱ्यावर उभा राहून पाहिलंस ना, तिथंच अर्धं काम झालं. मी १२ वर्षं नागपुरात या धंद्यात आहे, मूळ गाव पुसदकडचं, आणि असे कितीतरी लोक पाहिले ज्यांनी आपला वापरणारा माणूस कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

आता तुझी चूक कुठं झाली. जून ते दसरा तू एकटा बसून सगळं बांधलं आणि शेवटी दाखवलं. यालाच वॉटरफॉल म्हणतात, आधी सगळ्या गरजा, मग सगळं डिझाइन, मग सगळं कोडिंग, मग टेस्टिंग. गंमत बघ, ज्या पेपरातलं चित्र लोक वॉटरफॉलचं म्हणून दाखवतात तो विन्स्टन रॉइसचा १९७० चा पेपर, आणि त्यातच त्यानं लिहून ठेवलं आहे की असं सरळ एका दमात खाली उतरणं धोक्याचं आहे. टेस्टिंग शेवटी आलं आणि तिथं मोठी चूक सापडली तर पुन्हा वरपर्यंत चढावं लागते. तुझ्या बाबतीत तेच झालं.

ॲजाईलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्ड इथं १७ जणांनी मिळून लिहिला. तू ती चार मूल्यं पाठ केली आहेत, पण आता काकूंना समोर ठेवून वाच. कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे तुझ्या पीडीएफच्या आधी १८ किलोची एक नोंद बरोबर झाली पाहिजे. करारापेक्षा ग्राहकासोबत काम, म्हणजे काकू पहिल्या आठवड्यापासून सोबत. ठरलेल्या प्लॅनपेक्षा बदलाला तोंड देणं, म्हणजे आत्ता तू जे करायला निघालास तेच. आणि पद्धती-टूलपेक्षा माणसं, हे तर काकूंनी एका वाक्यात सांगितलं.

कापसाचंच बघ ना. सगळी बोंडं फुटायची वाट पाहून कोणी एकदाच वेचते का? पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा वेचा, जेवढं फुटलं तेवढं घरी येते. सॉफ्टवेअरही तसंच वेच्या-वेच्यानं घरी आणायचं.

वऱ्हाडी_पाटील

मले एक समजत नाही, वही चालून राहिली तर ॲप कायले पाहिजे? वहीले रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही, उन्हात दिसते, आणि कोणी खाडाखोड केली तर तेही दिसते. उगाच पोट्ट्यानं बायांच्या डोक्याले ताप देऊ नये असं माझं मत आहे.

सेवाकेंद्र_आर्णी

पाटील काकाजींचं बरोबर आहे पण अर्धं. मी सेवा केंद्र चालवतो, दिवसभर लोकांचे फॉर्म भरतो, त्यामुळे वाईट स्क्रीन माणसाला काय करते ते रोज बघतो. एक उदाहरण देतो. एका फॉर्ममध्ये नुसतं 'क्षेत्र' लिहिलं होतं आणि पुढं रिकामी चौकट. आता सातबाऱ्यावर क्षेत्र असते हेक्टर-आरमध्ये आणि आपला शेतकरी बोलतो एकरात. माणूस म्हणाला ३ एकर, पोरानं टाकलं ३, फॉर्मनं धरलं ३ हेक्टर, म्हणजे जवळपास साडेसात एकर. खरं पाहिजे होतं १.२१. अर्ज बाद झाला, तो माणूस तीन चकरा मारून गेला आणि शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की चूक त्याचीच आहे. चौकटीच्या बाजूला 'हेक्टर' लिहिलं असतं आणि खाली 'म्हणजे अंदाजे ७.४ एकर' असं आपोआप दिसलं असतं तर तो तिथंच थांबला असता.

पऱ्हाटीवाल्या, तुझ्या वजनाच्या चौकटीच्या बाजूला 'किलो' लिहिलं आहे का ते बघ आधी.

वर्धाकाठ

मी यूआय-यूएक्सचं, म्हणजे ॲपची स्क्रीन आणि ती वापरायची सोय ठरवायचं काम करते, सध्या पुण्यात, माहेर आर्वी तालुक्यात. आईनंही वेचणी केली आहे म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

तुझ्या त्या तीन नोंदींपासून सुरू करते, कारण अख्खं यूआय शास्त्र तिथं उभं आहे. याच विषयाचा अभ्यासक जेकब नील्सन, त्यानं १९९४ मध्ये १० नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की सिस्टिमची काय अवस्था आहे ते माणसाला सतत दिसलं पाहिजे. काकूंनी बटण दाबलं आणि फोन गप्प राहिला. माणूस गप्प राहिला तर आपण पुन्हा विचारतो, त्यांनीही तेच केलं. चूक त्यांची मुळीच नाही. दाबल्यापासून साधारण ०.१ सेकंदात काहीतरी हललं तर माणसाला वाटते की लगेच झालं, १ सेकंदाच्या वर गेलं की त्याचा विचार तुटतो, १० सेकंदांनी तर तो दुसरीकडंच बघायला लागतो. त्यामुळे रेंजची वाट पाहूच नको. नोंद आधी फोनमध्येच एसक्यूलाईटमध्ये (फोनमधला छोटा डेटाबेस) जतन कर, त्याच क्षणी मोठ्या अक्षरात '१८ किलो लिहिले' दाखव, फोन थरथरव, आणि सर्व्हरला नंतर पाठव. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा ओळख क्रमांक दे म्हणजे तीच नोंद दहा वेळा पाठवली गेली तरी सर्व्हरवर एकच राहील. हे कोडिंगचं काम वाटते पण खरं तर हाही यूआयचाच भाग आहे, कारण काकूंना यातलं फक्त एवढंच दिसणार की मशीन खोटं बोलत नाही.

'तुम्हाला नक्की जतन करायचे आहे का' असलं विचारत बसू नको. १४ बाया रांगेत आणि प्रत्येकीला दोनदा हो म्हणायचं, तिसऱ्या दिवशी काकू न वाचता हो दाबतील. त्यापेक्षा जतन झाल्यावर खाली 'चुकलं, मागे घ्या' असं बटण ठेव.

आता मापं विचारलीस म्हणून. अँड्रॉइडवर बोटानं दाबायची जागा निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनचं माप) हवी, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन बटणांत ८ डीपीची फट. हे झालं किमान. वेचणाऱ्या बाईची बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात, संध्याकाळी तर जास्तच, म्हणून मी तर ६४ च्या खाली जाणार नाही. फिट्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९५४ मध्येच दाखवलं आहे की जागा जितकी मोठी आणि जवळ तितका हात तिथं लवकर पोचतो, म्हणून मुख्य बटण खाली, अंगठ्याजवळ. अक्षर आणि मागचा रंग यांचं कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ असावं असं वेबचे सुलभतेचे नियम सांगतात, पण भर उन्हात ते पुरत नाही, तू ७ ला १ धर. पांढऱ्यावर ठळक काळं, बस. करड्या रंगाची नाजूक अक्षरं लॅपटॉपवर छान दिसतात, धुऱ्यावर गायब होतात. आणि नुसत्या लाल-हिरव्यावर अर्थ सोडू नको, तो फरक न दिसणारी माणसं असतात, सोबत शब्द लिही.

सबमिट काढून टाक. काकू वही घेताना काय म्हणतात? 'लिहून घे' म्हणतात ना? मग बटणावर तेच.

तूर_आणि_कोड

वर्धाकाठ ताई, फार कामाचं लिहिलं, सेव्ह करून ठेवलं.

गुरुजी_मेहकर

एक मुद्दा राहून जातो आहे. मी जिल्हा परिषद शाळेत ३० वर्षं शिकवलं, रात्रीचे साक्षरता वर्गही घेतले. अशा टोळीत काही बाया नाव वाचू शकत नाहीत पण आकडा सगळ्यांना येतो, कारण पैशाचा व्यवहार रोजचा आहे. पण कोणता आकडा? बाळा, तुमचा काटा डिजिटल असेल तर त्यावर आकडे इंग्रजी दिसतात. फोनच्या डायलवर पण इंग्रजी. वहीत मात्र काकू देवनागरी १८ लिहीत असतील. २०१६ पासूनच्या नव्या नोटांवर तर दोन्ही आहेत. ॲप मराठी केलं म्हणजे सगळे आकडेही मराठीच पाहिजेत असा हट्ट धरू नकोस, आकड्यांच्या बटणांवर काट्यावर दिसतो तसाच आकडा ठेव म्हणजे त्यांना डोळ्यानं जुळवून टाकता येईल. आणि नावासोबत प्रत्येकीचा फोटो लाव, तिघींचं एकच नाव आहे ना, तो प्रश्नही मिटेल.

पऱ्हाटीवाला

सगळ्यांचे खूप आभार, गुरुजी तुम्ही आकड्याचं सांगितलं ते तर मला सुचलंच नसतं. काटा डिजिटलच आहे. आणि 'किलो' लिहिलेलं नव्हतं 🙏

पाटील काकाजी, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. वही खरंच चांगली आहे. पण मंगळवारची रात्र वाईट आहे. आईचे डोळे आता लहान आकड्यावर टिकत नाहीत आणि बेरीज चुकली की नुकसान नेहमी कोणत्यातरी बाईचंच होते. म्हणून मला ॲप पाहिजे.

मिहानचा_टेस्टर

बस, हेच पाहिजे होतं! आता तुझं पहिलं काम ठरलं. वहीला हरवायचंच नाही, वही राहू दे, फक्त मंगळवारची बेरीज हलकी करायची. लॉगिन नको, ग्राफ नको, शेतवार रिपोर्ट नको. नाव, वजन, आठवड्याची बेरीज.

आता करायचं कसं. सगळ्या कल्पना एका यादीत लिही, त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि तिचा क्रम काकूंना विचारून लाव, तुझ्या आवडीनं नाही. प्रत्येक काम त्या माणसाच्या बाजूनं एका वाक्यात लिही, जसं 'मुकादम म्हणून मला बुधवारी सकाळी प्रत्येकीची बेरीज दिसली पाहिजे, म्हणजे पैसे वाटताना भांडण होणार नाही.' याला युजर स्टोरी म्हणतात. वरची दोन-तीन कामं घे आणि ठरलेल्या मुदतीत संपव, तो स्प्रिंट. स्क्रम म्हणजे ॲजाईल करायची एक ठरलेली पद्धत, तिच्या नियमात स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी असतो. तुमच्याकडं तर मुदत आधीच ठरलेली आहे, बाजार ते बाजार. बुधवारी पैसे वाटून झाले की काकूंना नवीन काय झालं ते दाखव, तो रिव्ह्यू. मग स्वतःशी बस आणि या आठवड्यात कुठं अडलो, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते लिही, ती रेट्रोस्पेक्टिव्ह. कंपनीत रोज १५ मिनिटांचा डेली स्क्रम असतो, तो टीमसाठी आहे, तू एकटा आहेस तर त्याच्या मागं लागू नको. रेट्रो मात्र सोडू नको, एकट्या माणसाला तीच वाचवते.

तूर_आणि_कोड

मी जरा वेगळं सांगतो. मी पण एकटाच काम करतो, अकोल्यात, दिवसा दुकान आणि रात्री कोडिंग. स्प्रिंट मला जमला नाही, दर वेळी काहीतरी अर्धवट राहायचं आणि मन खट्टू व्हायचं. मग कॅनबॅन केलं. हे मूळ टोयोटाच्या कारखान्यातलं, भिंतीवर तीन रकाने, करायचं, चालू, झालं, आणि नियम एकच की 'चालू'मध्ये दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नाही. एक संपली तरच दुसरी उचलायची. एकट्यासाठी हेच बरं असं माझं ठाम मत आहे.

मिहानचा_टेस्टर

तुझ्यासाठी बरं असेल भाऊ, पण पोराकडं खरा बुधवार आहे ना, त्या दिवशी १४ घरांत पैसे जातात. ज्याच्याकडं अशी ठरलेली तारीख आहे त्यानं ती वापरावी. भिंतीवरचे तीन रकाने तर स्प्रिंटमध्येही चालतातच, दोघांचं भांडण नाही.

वर्धाकाठ

आणि कोड लिहायच्या आधी कागद. वहीच्या पानावर फोनएवढी चौकट आखून स्क्रीन काढ, काकूंच्या हातात दे, म्हण की वजन लिहून दाखवा. त्या जिथं बोट ठेवतील ते बघ आणि तोंड बंद ठेव. मधात सांगू नको, 'इथं दाबा ना' असं एकदा म्हटलंस की ती चाचणी वाया गेली. पाच जणांना दाखवलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात. नील्सनचा २००० सालचा हिशेब आहे की पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. तोच सांगतो की १५ जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन कर, मधे दुरुस्ती करत.

पऱ्हाटीवाला

पहिला बाजार झाला. कोड एक ओळ लिहिली नाही, कागदच दाखवले, काकू, आई आणि शेजारच्या तिघींना.

एक गोष्ट सांगायचीच आहे. मी यादी फोटोसकट अकारविल्हेच काढली होती. काकू कागदावर बोट फिरवत राहिल्या, नाव सापडूनही समाधान होईना. मी तोंड बंद ठेवलं, ताई, खूप जड गेलं. मग त्यांनी वही उघडली आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं की वहीतली नावं कोणत्या क्रमानं आहेत. काकू रोज सकाळी सहाला घराघरात आवाज देत जातात, मारुतीच्या पारापासून सुरू करून खालच्या आळीपर्यंत, आणि वहीत नावं त्याच क्रमानं आहेत, घर लागून घर. त्या नाव वाचतच नाहीत, गल्लीतून चालत जातात. इतकी वर्षं ती वही घरात पाहिली आणि हे कधी दिसलं नाही.

यादी आता घरांच्या क्रमानं आहे.

वर्धाकाठ

अंगावर काटा आला वाचून. हे तुला कोणत्याच कोर्समध्ये मिळालं नसतं.

लिपीवेडा_वाशिम

उशिरा आलो. तांत्रिक भर घालतो, आपल्याकडच्या लोकांना हे लागणारच. पऱ्हाटी, वऱ्हाड, तऱ्हा, या शब्दांतला जो आडवा र आहे तो युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे जोडक, मग ह. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द आहेत. तुझ्या शेतांच्या नावांत 'पऱ्हाटीचं वावर' असेल आणि शोधणाऱ्याच्या कीबोर्डनं दुसरा प्रकार टाकला तर ॲप म्हणेल सापडलं नाही. नुसतं एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची अक्षरं एकसारखी करायची ठरलेली रीत) लावून हे सुटत नाही, जतन करताना आणि शोधताना दोन्ही वेळा झेडडब्ल्यूजेवाला प्रकार पहिल्यात बदलून घ्यावा लागतो.

दुसरं, देवनागरीला ओळींमधे जागा जास्त द्या. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, इंग्रजीच्या मापानं ओळ ठेवली तर 'कुऱ्हा'चा अर्धा जीव कापला जातो. बटणाची उंची पक्की करून टाकू नका, आतल्या मजकुराप्रमाणे वाढू द्या. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आणि मोकळ्या परवान्याचे आहेत. फोनमधलं अक्षर मोठं करायची सेटिंग लावून पण तपासा, वयाच्या माणसांनी ती लावलेली असते.

पऱ्हाटीवाला

दुसरा बाजार. या वेळी खरं ॲप होतं, एकच स्क्रीन. घराच्या क्रमानं फोटो, आकड्यांची मोठी बटणं, बाजूला 'किलो', खाली 'लिहून घे'. वही पण सोबत होतीच, आम्ही दोन्हीत लिहिलं. मंगळवारी रात्री आईनं वहीची बेरीज केली आणि मी ॲपची, १४ पैकी १३ जुळल्या. एक जुळली नाही, ४ किलोचा फरक. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक एक दिवस लावून पाहिलं तर शुक्रवारचं वजन वहीत १९ होतं आणि ॲपमध्ये २३. काकूंनी डोळे मिटून आठवलं आणि म्हणाल्या त्या दिवशी तिनं दुपारी पण एक लहान गाठोडं आणून मोजलं होतं, ॲपमध्ये टाकलं, वहीत राहिलं. ती बाई तिथं नव्हतीही. बुधवारी तिला ४ किलोचे पैसे जास्तीचे गेले, म्हणजे तिचे होते ते गेले.

काकूंनी वही बंद केली नाही, पण फोन स्वतः चार्जिंगला लावला.

वऱ्हाडी_पाटील

हे वाचून बरं वाटलं बापा. मी ॲप कायले पाहिजे म्हटलं होतं, आता आमच्या इकडच्या मुकादमीणबाईले पण दाखवीन म्हणतो. वही सोबत ठेवली हे चांगलं केलं.

मिहानचा_टेस्टर

शाबास. रेट्रो लिहिली का?

पऱ्हाटीवाला

लिहिली दादा. अडलं ते हे की एकाच दिवसाची दोन वजनं असू शकतात हे मी धरलंच नव्हतं, योगायोगानं चाललं. आता एका दिवसाखाली सगळी गाठोडी वेगवेगळी दिसतील असं करतो आहे. पुढच्या बाजारासाठी मी बॅकलॉगमध्ये वर ग्राफ ठेवला होता, पण क्रम काकूंना विचारला तर त्या म्हणाल्या ग्राफ राहू दे, उचल टाक. बाया आठवड्याच्या मधात दवाखान्याला, पोराच्या फीला पैसे उचलतात ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतात आणि बुधवारी वजा होतात. ते पान मी कधी उलटूनच पाहिलं नव्हतं.

वर्धाकाठ

उचल दाखवताना जपून. रांगेत मागे बाया उभ्या असतात, कोणी किती उचललं ते सगळ्यांना दिसायला नको. मुख्य स्क्रीनवर ठेवू नको, फोटोवर दाबल्यावरच आत दिसू दे.

पऱ्हाटीवाला

हो ताई, आईनं पण हेच म्हटलं. एवढंच कळत नाही की बुधवारी आधी पूर्ण मजुरी दाखवून मग उचल वजा करायची की सरळ हातात येणारी रक्कम. दोन्हीचे कागद काढले आहेत. उद्या वेचणीवरून आल्यावर पाच जणींना दाखवतो आणि इथं लिहितो.